ठिपके पाठ नकोत, मोजायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आठवीत रासायनिक बंध आणि दहावीत कार्बनी संयुगे हे धडे आले की मुलांना इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना, म्हणजे अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी चित्रे, काढाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी हे काम पाठांतरावर उरकले जाते. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, पाणी, अमोनिया, मिथेन, मीठ अशी सात-आठ चित्रे फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत उतरतात. यादीबाहेरचा एखादा साधा रेणू, समजा हायड्रोजन पेरॉक्साइड, विचारला की तीच मुले अडतात. दोन ऑक्सिजन शेजारी दिसले म्हणून त्यांच्यामध्ये दुहेरी बंध टाकून मोकळी होतात. यात मुलांना दोष देता येणार नाही. ठिपक्यांचे चित्र हा मुळात जमाखर्च आहे, आणि आपण तो चित्रकलेसारखा शिकवतो आहोत. तो जमाखर्च कसा मांडायचा आणि कुठे चुकतो, हे शिक्षकांपर्यंत आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

सुरुवात बाहेरच्या कवचापासून करायची. कार्बनचे संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ४. म्हणून त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन ४. नायट्रोजन २, ५, म्हणून ५. ऑक्सिजन २, ६, म्हणून ६. क्लोरीन २, ८, ७, म्हणून ७. हायड्रोजनचा एकुलता एक. बंध जुळतात ते या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या जिवावर, आतल्यांचा त्यात भाग नसतो, म्हणून ते चित्रात काढायचेच नाहीत. रेणूतल्या सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन मिळवून जी बेरीज येते ती समासात लिहायची. चित्र पूर्ण झाल्यावर ठिपके पुन्हा मोजायचे, आणि ते त्या बेरजेइतकेच भरले पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. पाठांतरात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

वर्गात यासाठी चवळीच्या दाण्यांइतके सोयीचे साधन नाही. कार्बन डायऑक्साइड काढायचा तर ४ अधिक ६ अधिक ६, म्हणजे मोजून १६ दाणे मुलाच्या हातात द्यायचे आणि डबा बंद करायचा. कागदावर मधोमध कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. कमी विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणारा, अणू मध्ये बसतो. हायड्रोजन शालेय उदाहरणांत कधीच मध्ये बसत नाही, कारण त्याला एकच बंध झेपतो. आता प्रत्येक ऑक्सिजन आणि कार्बन यांच्यामध्ये दोन-दोन दाणे, म्हणजे एकेक बंध, ठेवायचे. चार गेले, बारा उरले. मग बाहेरच्या अणूंचे अष्टक, म्हणजे भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन, आधी पुरे करायचे: प्रत्येक ऑक्सिजनभोवती आणखी सहा दाणे. बारा संपले, हात रिकामा. पण कार्बनभोवती पाहिले तर चारच दाणे आहेत. डबा बंद आहे, नवा दाणा मिळणार नाही. मग मुलाला एकच वाट उरते: ऑक्सिजनजवळची एक जोडी उचलून मधल्या जागेत सरकवायची. ती सरकवली तरी ऑक्सिजनचे आठ कायम राहतात, कारण मधली जोडी दोघांच्याही खात्यात मोजली जाते, आणि कार्बनचे दोन वाढतात. दुसऱ्या बाजूनेही तसेच केले की कार्बनचेही आठ. दुहेरी बंध का तयार झाला, हे त्या मुलाला सांगावे लागत नाही. दाणे कमी पडले म्हणून तो झाला, हे त्याच्या बोटांना कळलेले असते. कागदावर पेनाने काढताना हवा तेवढा ठिपका उपटसुंभासारखा टाकता येतो. दाण्यांत ती सोय नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडलाही हाच नियम लावून पाहा. १ अधिक ६ अधिक ६ अधिक १, म्हणजे १४. हायड्रोजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन, हायड्रोजन असे ओळीने मांडले की तीन एकेरी बंधांत ६ गेले, ८ उरले. प्रत्येक ऑक्सिजनला चार-चार दिले की दोघांचेही अष्टक भरते. दुहेरी बंधाला जागाच उरत नाही.

कार्बन डायऑक्साइडमध्ये सरकवायच्या दोन्ही जोड्या एकाच ऑक्सिजनकडून घेतल्या तर काय, असा प्रश्न चौकस मुले विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. तसे केले तर एका बाजूला तिहेरी आणि दुसऱ्या बाजूला एकेरी बंध होतो. अष्टके सगळ्यांची भरतात, बेरीजही १६ च येते. मग निवड कशी करायची? त्यासाठी औपचारिक प्रभार काढायचा. अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्यातून त्याच्या एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, जोड्यांमधले सगळे इलेक्ट्रॉन वजा करायचे आणि त्याला लागलेल्या बंधांची संख्या वजा करायची. तिहेरी बंधाच्या ऑक्सिजनला ६ वजा २ वजा ३, म्हणजे अधिक १. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनला ६ वजा ६ वजा १, म्हणजे उणे १. दोन दुहेरी बंधांच्या मांडणीत मात्र तिन्ही अणूंना शून्य येते. शून्याच्या जवळची मांडणी घ्यायची. ही वजाबाकी आठवीच्या मुलालाही सहज येते, तरी तिची ओळख अकरावीपर्यंत होत नाही.

याच वजाबाकीने कार्बन मोनॉक्साइडचे वागणे कळते. ४ अधिक ६, एकूण १०. दोघांमध्ये तिहेरी बंध आणि दोघांवर एकेक एकाकी जोडी, तरच अष्टके भरतात. औपचारिक प्रभार काढला तर कार्बनवर उणे १ आणि ऑक्सिजनवर अधिक १ येतो. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण असूनही उलटे चिन्ह! प्रत्यक्षातही या रेणूची ध्रुवता अगदी क्षीण आहे आणि तिचे ऋण टोक कार्बनकडे आहे. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवली की माणसे दगावतात ती याच वायूमुळे. कार्बनवरची ती एकाकी जोडी रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला धरते आणि ऑक्सिजनला जागा मिळू देत नाही. चित्रात एकाकी जोड्या गाळण्याची सवय फार पसरली आहे. बंधाच्या रेघा काढल्या की चित्र संपले, असे मुलांना वाटते. पण अमोनियाची आम्लाशी होणारी अभिक्रिया काय किंवा या विषारी वायूची लोहावरची पकड काय, कामगिरी त्या न काढलेल्या जोडीचीच असते.

आता प्रभार असलेल्या आयनांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. नायट्रेट आयनात ५ अधिक १८, म्हणजे २३ मोजून मुले थांबतात. आयनावर उणे १ प्रभार आहे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन बाहेरून आला आहे. तो धरून २४. धन प्रभार असेल तर तेवढे वजा. बेरीज विषम आली की बहुधा प्रभार विसरलेला असतो, ही चूक पकडण्याची सोपी खूण आहे. चित्र पूर्ण झाल्यावर ते चौकटी कंसात घालायचे आणि प्रभार कंसाबाहेर उजव्या खांद्यावर लिहायचा. कंस नसेल तर तो प्रभार एका अणूचा की साऱ्या गटाचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आयनांसाठी नवसागरासारखे उदाहरण नाही. कल्हई करणारा तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो, तो मराठी घरांत अनेकांनी पाहिला असेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. अमोनियम आयनाचा हिशेब ५ अधिक ४ वजा १, म्हणजे ८. चार हायड्रोजनांचे चार बंध, आणि एकही एकाकी जोडी शिल्लक नाही. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक एकाकी जोडी होती, तिच्यावर हायड्रोजन क्लोराइडमधला हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनकडेच सोडून येऊन बसला. या चौथ्या बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनचे, म्हणून पुस्तके तो बाणाने दाखवतात. पण आयन तयार झाल्यावर चारही बंध तंतोतंत सारखे असतात. बाण इतिहास सांगतो, वेगळेपण नाही. कोणता इलेक्ट्रॉन कुठून आला याची खूण निसर्ग ठेवत नाही. एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्याने आणि दुसऱ्याचे फुलीने दाखवण्याचा भेद आपल्या हिशेबापुरता आहे.

भांड्याच्या आचेने नवसागराचे पुन्हा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. दुसरा वायू तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथील चिकटते, आणि वर थंड हवेत दोघे पुन्हा एकत्र आले की तोच पांढरा धूर. ‘धातू आणि अधातू असतील तर आयनिक (आयनांच्या आकर्षणाचा बंध), दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज (सामायिक जोडीचा बंध)’ हे सूत्र घोकणाऱ्या मुलासमोर नवसागर ठेवावा. त्यात एकही धातू नाही, तरी तो आयनिक आहे. आणि त्याच्या धन आयनाच्या आत चार सहसंयुज बंध आहेत. संयुगाला एकच शिक्का मारायचा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरतो. कोणता बंध कोणत्या दोघांमध्ये, असे विचारायला हवे. खाण्याच्या सोड्याचेही तसेच: सोडियम आणि बायकार्बोनेट यांच्यात आयनिक, बायकार्बोनेटच्या आत सहसंयुज.

मिठाच्या चित्रात दोन चुका ठरलेल्या. सोडियम आणि क्लोरीन यांच्यात रेघ मारतात, किंवा दोन वर्तुळे एकमेकांत घुसवतात. तिथे सामायिक जोडी नाहीच. सोडियम कंसात, बाहेर अधिक चिन्ह, भोवती एकही ठिपका नाही. क्लोराइड दुसऱ्या कंसात, आठ ठिपके आणि उणे चिन्ह. शिवाय घन मिठात एका सोडियमचा एक क्लोरीन अशी जोडीच नसते. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असे जालक सर्व दिशांना पसरलेले असते. म्हणून ‘मिठाचा रेणू’ म्हणणे चूक आहे. बारीक मिठाचे चार कण भिंगाखाली धरले तर ते चौकोनी ठोकळे दिसतात. खडेमिठाचा जाड खडा बत्त्याने ठेचला तर तो पत्र्यासारखा चेपत नाही. सपाट पृष्ठ सोडून तुटतो, कारण एक थर जरा सरकला की सारख्या प्रभाराचे आयन समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तेही याच जालकामुळे.

आणि एक वाक्य शिकवण्यातून काढून टाकावे अशी आमची कळकळीची विनंती आहे: ‘सोडियमला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो.’ सोडियमला काहीही द्यायचे नसते. वायुरूप सोडियमच्या एका मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजण्याचे ठरावीक माप) इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीनला तो मिळाल्यावर परत येतात फक्त ३४९. त्याआधी घन सोडियमची वाफ करायला १०८ आणि क्लोरीनचा रेणू फोडून एक मोल अणू मिळवायला १२१ खर्च झालेले असतात. इथवर व्यवहार ३७६ किलोज्यूलनी तोट्यात आहे. तो फायद्यात येतो आयन जालकात बसतात तेव्हा; त्यात ७८७ सुटतात आणि निव्वळ ४११ हाती राहतात. मीठ टिकून आहे ते आयनांच्या परस्पर आकर्षणावर. अष्टक हा त्या व्यवहाराचा शेवट आहे, अणूची इच्छा नव्हे.

ऊर्जेबद्दलचा याहून खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’. स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो नुसता सोडला तर पेटत नाही, लायटरची ठिणगी लागते, कारण आधी बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. एका मोल मिथेनचा हिशेब मांडू. कार्बन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४१३. ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ४९८. तोडण्याचा खर्च २६४८ किलोज्यूल. जोडताना कार्बन डायऑक्साइडचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९; दोन पाण्यांचे मिळून चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४६३. जमा ३४५०. फरक ८०२ किलोज्यूल, आणि दूध तापते ते त्या फरकावर. हा हिशेब मांडायला आधी ठिपक्यांचे चित्र बरोबर लागते. ऑक्सिजनमध्ये एकेरी बंध काढणाऱ्याचे पुढचे सगळे आकडे चुकतात.

चित्र सपाट असते, रेणू नसतो. पाण्याचे चित्र सरळ रेषेत काढले तरी ठिपके बरोबर भरतात, पण खरा कोन १०४.५ अंशांचा आहे. तो सरळ असता तर पाण्याला धन आणि ऋण अशी टोके राहिली नसती आणि मीठ त्यात विरघळले नसते. मिथेन अधिक चिन्हासारखा काढतात, त्यात ९० अंशांचे कोन दिसतात, प्रत्यक्षात १०९.५. चार सारखे फुगे फुगवून त्यांची देठे एकत्र बांधली की ते आपोआप याच आकारात बसतात. जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात, हे तत्त्व गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये नीट मांडले. फुग्यांनी ते दोन मिनिटांत दिसते.

या पद्धतीची मर्यादाही मुलांपासून लपवू नये. गिल्बर्ट लुईस यांनी जोडीने बंध होतो हे १९१६ मध्ये लिहिले तेव्हा पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) जन्मायची होती. तरीही ठिपके शंभर वर्षांनंतर उपयोगी पडतात. पण ओझोन घ्या. १८ इलेक्ट्रॉनांच्या चित्रात एक बंध दुहेरी आणि एक एकेरी येतो. मोजणीत मात्र दोन्ही बंध १२८ पिकोमीटरचे, सारखेच निघतात. एकेरी सुमारे १४८ आणि दुहेरी १२१, त्यांच्या मधले. म्हणून दोन चित्रे काढून मध्ये दुतोंडी बाण घालतात. रेणू या दोन रूपांत उड्या मारत नसतो, तो सदासर्वकाळ मधल्याच रूपात असतो. नायट्रिक ऑक्साइडची बेरीज ११, तिथे अष्टक जुळणारच नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा. निष्क्रिय म्हणून शिकवलेल्या झेनॉनचे संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये करून दाखवले. आणि नेहमीचा ऑक्सिजन: १२ ठिपके, दुहेरी बंध, सगळ्या जोड्या पूर्ण. चित्र निर्दोष. पण उणे १८३ अंशांखालचा द्रव ऑक्सिजन जोरदार चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच लटकून राहतो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे आहेत. हे ठिपक्यांनी दाखवता येत नाही. हे दहावीच्या मुलाला सांगितले तर तो गोंधळत नाही, उलट त्याला अकरावीची ओढ लागते.

जाता जाता शब्दांचे एक. मुले हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करतात. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. ‘दो परमाणु मिलकर अणु बनता है’ हे ऐकून मराठी माध्यमाचे मूल ‘अणू’ लिहिते आणि अख्खे उत्तर उलटे होते. शिक्षकांनी पहिल्याच तासाला हा फरक फळ्यावर लिहावा.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना आमची विनंती अशी. ठिपका संरचनेच्या प्रश्नात एक गुण समासातल्या बेरजेसाठी ठेवावा. एकाकी जोड्या, कंस आणि प्रभार गाळल्यास गुण कापावेत. मात्र ठिपके कोणत्या बाजूला काढले, ठिपके की फुल्या, पाणी आडवे की उभे, यासाठी कापू नयेत, कारण त्या चार बाजूंना अर्थ नाही. छापील आकृतीत ठिपके ठळक असावेत; झेरॉक्समध्ये बारीक ठिपके उडतात आणि बरोबर चित्र चुकीचे होऊन मुलांपर्यंत पोहोचते. आणि निदान एक रेणू पुस्तकाबाहेरचा विचारावा: फॉर्माल्डिहाइड, बेरीज १२, कार्बन डायसल्फाइड, बेरीज १६, हायड्राझिन, बेरीज १४. तिन्ही एका मुठीतल्या चवळीत बसतात.

आपले नम्र,
रसायनशास्त्र शिकवणारे काही अध्यापक, सातारा